लढण्यासाठी वाढवलेली मुलगी: तिने मोजलेली किंमत पडद्यावर कोठे दिसते?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही बारा भागांची अ‍ॅनिमेशन मालिका लिहीत आहात. तिची नायिका पाच वर्षांची असल्यापासून आईच्या हाताखाली युद्धविद्या शिकली, तिच्या सतराव्या वर्षी युद्ध संपले आणि ती प्रथमच साध्यासुध्या माणसांच्या वस्तीत राहायला आली. तिच्या मनावरचे आघात दिसावेत म्हणून तुम्ही दुःस्वप्ने घातली, प्रशिक्षणाच्या आठवणी घातल्या, दर दोन भागांत संतापाचा एक उद्रेक घातला. तरीही पटकथा वाचलेल्या तिघांनी ती ‘थंड’ वाटते असे सांगितले. आता तिला आणखी किती सोसायला लावावे, असे तुम्ही विचारले आहे.

तिला आणखी सोसायला लावू नये, असे माझे मत आहे. मी गेली बावीस वर्षे स्टोरीबोर्ड, म्हणजे पटकथेची चौकटीचौकटीने चित्रे, करते आणि त्यातली निम्मी वर्षे अशाच पात्रांबरोबर गेली आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

तुम्ही तिच्यावर काय काय केले गेले हे दाखवले आहे. तिने मोजलेली किंमत मात्र त्या बारा वर्षांत तिचे जे शिकायचे राहून गेले त्यात आहे. पाच ते सतरा या वयात मूल बिनकामाच्या वाटणाऱ्या असंख्य गोष्टी शिकते: खेळात हरून पुन्हा डाव मांडणे, खोटे बोलून पकडले जाणे आणि तरीही घरात जागा असणे, कंटाळणे, हट्ट करणे, रुसणे. रुसण्याचेच पाहा. रुसण्यासाठी समोर कोणीतरी समजूत काढणारे असावे लागते आणि ते येईल याची मुलाला मनातून खात्री असावी लागते. तुमच्या नायिकेला ती खात्री कधीच मिळाली नाही, म्हणून तिला रुसता येत नाही. तिला फक्त गप्प बसता येते किंवा हल्ला करता येतो. वाचकांना ती थंड वाटली ती त्यामुळे, आणि ते निरीक्षण खरे आहे. परंतु तो थंडपणा पटकथेत तिच्या स्वभावासारखा दिसतो, उणिवेसारखा दिसत नाही. उणीव दिसण्यासाठी तिच्यासमोर असा प्रसंग यावा लागतो, जो कोणत्याही सात वर्षांच्या मुलाला सहज निभावता येईल आणि तिला येणार नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगते. मुलाला कोणी घडवले, यावर बरेच ठरते. एखाद्या संस्थेने, सैन्याने किंवा पंथाने घडवलेल्या मुलाला पुढे निदान शत्रू तरी सापडतो. तो त्या दरवाजाकडे बोट दाखवून ‘यांनी माझे बालपण घेतले’ असे म्हणू शकतो. घडवणारी व्यक्ती आई किंवा वडील असतील तर ते बोट उचलताना हात थरथरतो. शिक्षण सुरू होताना मूल किती वर्षांचे होते, त्याच्याबरोबर आणखी मुले होती की ते एकटे होते, आणि ज्या कारणासाठी लढवले ते त्याला आजही खरे वाटते का, यावरही उत्तर बदलते. सोबती असलेली मुले निदान एकमेकांशी कुजबुजायला शिकतात. तुमची नायिका एकटी आहे, तिला आईनेच घडवले आहे आणि ते युद्ध तिला आजही न्याय्य वाटते. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की पात्र फार अवघड होते, म्हणून तुमची अडचण मला स्वाभाविक वाटते.

आईने घडवले असेल तर प्रेम आणि कौशल्य यांची गाठ इतकी घट्ट बसते की ती दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत हेच मुलाला ठाऊक नसते. ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ (2005 ते 2008) या मालिकेच्या दुसऱ्या पर्वाच्या सुरुवातीला राजकन्या अझुला हातांतून वीज सोडण्याचा सराव करते. जवळजवळ निर्दोष झाले, फक्त केसांची एक बट हलली, असे तिच्या वृद्ध शिक्षिका सांगतात. ‘जवळजवळ’ पुरेसे नाही असे ती तोडून टाकते आणि पुन्हा उभी राहते. तिथे कोणी तिला मारलेले नाही, कोणी ओरडलेले नाही. चौदा वर्षांची मुलगी एका बटेचा हिशेब स्वतःच ठेवते आहे, एवढेच दिसते. तिचा भाऊ झुको तेरा वर्षांचा असताना वडिलांनी त्याचा चेहरा जाळला आणि त्याला हद्दपार केले. त्याचा व्रण प्रत्येक चौकटीत दिसतो. मला मात्र त्या घराची भीती झुकोच्या व्रणापेक्षा अझुलाच्या त्या बटेने अधिक वाटली, कारण झुकोला आपल्याला जखम झाली आहे हे निदान कळते.

‘हंटर × हंटर’मधला किल्वा मारेकऱ्यांच्या घराण्यात वाढलेला मुलगा. त्याच्या थोरल्या भावाने त्याच्या डोक्यात एक सुई रोवलेली असते आणि प्रतिस्पर्धी आपल्यापेक्षा बलवान वाटला की ती त्याला पळ काढायला लावते. आपण भित्रे आहोत असे त्याला अनेक भाग वाटत राहते, आणि शेवटी ती सुई तो स्वतःच्या हाताने कपाळातून उपसून काढतो. या कल्पनेचे मोल मला फार वाटते, कारण ती सुई त्याचा जीव वाचावा म्हणून, घराण्याच्या दृष्टीने मायेपोटीच बसवलेली आहे. तुमच्या नायिकेच्या आईनेही असे काही बसवले असेल. ते काय आहे, हे एका वाक्यात लिहून भिंतीवर लावा. ‘जो तुझ्याशी गोड बोलतो तो काहीतरी मागणार आहे’ असे एखादे वाक्य पुरते. मग ते वाक्य संवादात एकदाही येऊ देऊ नका. तिचा प्रत्येक निर्णय त्यातून निघू द्या.

आता प्रशिक्षणाच्या आठवणींविषयी. त्या तुम्ही सहा ठिकाणी घातल्या आहेत. मी एक ठेवेन, फार तर दोन. यामागे माझी स्वतःची एक चूक आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मालिकेत मी मुलाच्या क्रूर प्रशिक्षणाचा साडेतीन मिनिटांचा क्रम बोर्ड केला होता. पाऊस, चिखल, रक्ताळलेले तळवे, पुन्हा पुन्हा पडणे, आणि शेवटी तो एका झटक्यात लाकडी खांब तोडतो. मला ते दृश्य हृदयद्रावक वाटत होते. चाचणी म्हणून ते मुलांना दाखवले तेव्हा त्यातली काही मुले खुर्च्यांवरून उठून तोच झटका मारून पाहू लागली. त्यांचे डोळे चमकत होते. ती चुकली नव्हती. मीच चालीवर, संगीतावर आणि वेगावर इतकी मेहनत घेतली होती की त्या छळाचे पराक्रमात रूपांतर झाले होते. शिक्षणाचा क्रम हा प्रकारच असा आहे की त्याच्या शेवटी काहीतरी कमावल्यासारखे वाटते. ज्या प्रसंगातून तोटा दाखवायचा आहे, त्याला नफ्याची चाल देऊन चालत नाही.

मग तोटा दाखवायचा कोठे? जिथे शस्त्राचे काहीच काम नाही तिथे. ‘अवतार’च्या तिसऱ्या पर्वात समुद्रकिनाऱ्यावरचा एक भाग आहे. सुट्टीवर आलेली अझुला चेंडूच्या खेळात उतरते, प्रतिस्पर्धी मुलीचा जुना दुखरा पाय हेरते, सगळा खेळ त्या पायावर चालवते आणि जिंकल्यावर शरण आलेल्या राज्यासमोर करावी तशी विजयघोषणा करते. पुढे एका समारंभात तिला एक मुलगा आवडतो, आणि दोघांनी मिळून जगावर राज्य करण्याची गोष्ट ती त्याच्याशी काढते. तो घाबरून निघून जातो. हे प्रसंग विनोदी म्हणून लिहिलेले आहेत आणि हसू येतेही. पण त्याच रात्री शेकोटीपाशी, माझ्या आईला मी राक्षसी वाटत असे आणि तिचे बरोबरच होते, तरीही ते लागले, अशा अर्थाचे ती सहज स्वरात बोलते, तेव्हा त्या चेंडूच्या खेळाचा अर्थ मागे जाऊन बदलतो. तिच्यापाशी युद्धाखेरीज दुसरी भाषाच नव्हती. खेळ, प्रेम, कबुली या सगळ्यांसाठी ती तेच एक हत्यार वापरत होती.

‘व्हायलेट एव्हरगार्डन’ (2018) यापेक्षा शांतपणे तेच करते. युद्धात दोन्ही हात गमावलेली, आज्ञा पाळण्यापलीकडे काही न जाणणारी मुलगी इतरांसाठी पत्रे लिहिण्याचे काम धरते. तिच्या धातूच्या बोटांनी टंकलेखन विलक्षण वेगाने आणि अचूक होते, पण सुरुवातीची पत्रे सैन्याच्या अहवालासारखी उतरतात. युद्ध संपल्यावर तिला भेटायला आलेला माणूस ‘तू जळते आहेस’ असे तिला सांगतो, तेव्हा ती ते शब्दशः घेते आणि नाही म्हणते. कितीतरी भागांनंतर तिला तो दाह जाणवतो. लक्षात घ्या, तिला होणारे दुःख आधी प्रेक्षकाला कळते आणि तिला नंतर. हा उशीर फार मोलाचा आहे. तुमच्या पटकथेत नायिकेला तिचे दुःख पहिल्याच भागात कळलेले आहे आणि ती ते नीट वाक्यांत सांगतेही. ज्या मुलीला ‘दुखते’ म्हणण्याची मुभा नव्हती, तिच्यापाशी दुःखाची इतकी तयार शब्दकळा कोठून येईल?

माझ्या एका प्रसंगाची जडणघडण सांगते, म्हणजे मला काय म्हणायचे आहे ते जवळून दिसेल. आमची लढवय्यी मुलगी, वय सोळा, एका घरात आश्रयाला आहे. ती दगडी पायरीवर घसरते आणि गुडघा सोलवटतो. तिने यापूर्वी तलवारीचे घाव झेललेले आहेत, त्यामुळे ती गुडघ्याकडे बघतही नाही. त्या घरातली पाच वर्षांची पोर धावत येते, तिच्यासमोर उकिडवी बसते आणि गुडघ्यावर फुंकर घालते. पटकथेच्या पहिल्या खर्ड्यात इथे नायिका रडत होती. आम्ही ते बोर्ड करून पाहिले, आणि ते खोटे वाटले. रडायलाही सराव लागतो. दुसऱ्या खर्ड्यात ती गुडघा मागे ओढते आणि म्हणते, “फुंकरीने जखम बरी होत नाही. धूळ जाते तिच्यात.” पोर म्हणते, “मला माहीत आहे,” आणि पुन्हा फुंकर घालते. बस्स. त्यानंतर नायिकेचा चेहरा दोन सेकंद हलत नाही. सेकंदाला 24 फ्रेम धरल्या तर ते 48 फ्रेम होतात. तेवढा वेळ एकच चित्र, फक्त एकदा पापणी मिटते. काहीतरी निरुपयोगी आहे हे माहीत असूनही कोणी ते आपल्यासाठी करते, ही गोष्ट तिच्या हिशेबात कोठेच बसत नाही, आणि तो न बसणारा हिशेब त्या दोन सेकंदांत दिसतो. नंतरच्या एका भागात तीच नायिका जखमी सोबत्याच्या हातावर फुंकर घालते, पण दिवा विझवावा तशी, फार जोरात. तिला अजून ते जमत नाही. त्या भागात तिने जिंकलेली लढाई मला आज आठवत नाही, ती चुकलेली फुंकर आठवते.

या ओघात अ‍ॅनिमेशनविषयी एक सांगायलाच हवे. प्रत्यक्ष नटाच्या शरीरात तुम्ही न सांगितलेल्या शंभर गोष्टी आपोआप येतात. काढलेल्या शरीरात तुम्ही काढाल तेवढेच येते. म्हणून पात्राची सवय पटकथेतच लिहावी लागते. बहुतेक लेखक सैनिकी शरीर ताठ आणि सावध लिहितात. माझ्या अनुभवात काटकसर जास्त बोलकी ठरते. लहानपणापासून शिक्षण घेतलेले शरीर विनाकारण हलत नाही: बोलताना हातवारे नाहीत, बसल्या बसल्या पाय हलवणे नाही, वस्तूशी चाळा नाही. आजूबाजूची पात्रे जेवढी सैल आणि अघळपघळ काढाल तेवढी तिची काटकसर उठून दिसते. मग आठव्या किंवा नवव्या भागात तिला एकदा, कोणाचे लक्ष नसताना, काठीने मातीत निरर्थक रेघा ओढू द्या. त्यावर कोणी काही बोलू नये आणि संगीतही वाजू नये. आवाज देणाऱ्या कलावंतालाही हेच सांगा: तिचे ‘धन्यवाद’ आणि तिचे ‘आज्ञा समजली’ सुरुवातीला एकाच स्वरात यावेत.

तुमच्या लढायांविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण मला काळजी वाटते म्हणून लिहिते. या प्रकारच्या मालिकेत सर्वांत चांगले अ‍ॅनिमेटर, सर्वाधिक रेखाचित्रे आणि सर्वाधिक दिवस लढायांना मिळतात. साहजिकच नायिका पडद्यावर सर्वांत सुंदर आणि सर्वांत जिवंत दिसते ती लढतानाच. ज्या गोष्टीने तिचे आयुष्य खाल्ले ती गोष्ट आपण इतकी देखणी करतो, आणि प्रेक्षकही तिची वाट पाहतो. या विसंगतीतून पूर्ण सुटका नाही. लढाया मुद्दाम कुरूप करून ती सुटत नाही. मला पटलेला मार्ग म्हणजे ती विसंगती पात्राच्याच वाट्याला देणे. ‘मोबाईल सूट गंडम: आयर्न-ब्लडेड ऑर्फन्स’ (2015 ते 2017) मधल्या मिकाझुकीला लढाईत अधिक शक्ती मिळवण्याच्या बदल्यात एका डोळ्याची दृष्टी आणि एका हाताची हालचाल गमवावी लागते. ज्या युद्धयंत्रात बसून तो लढतो त्याला जोडलेला असताना मात्र तो हात चालतो आणि तो डोळा पाहतो. युद्धयंत्रात बसला तरच मुलगा पूर्ण, बाहेर आला की अधू. हे मला जितक्या वेळा आठवते तितक्या वेळा पोटात कालवते. तुमच्या नायिकेलाही लढतानाच मोकळा श्वास घेता येत असेल, आणि लढाई संपताच पुन्हा काय करावे हे कळत नसेल, तर लढाई सुंदर असू द्या. फक्त ती संपल्यानंतरचा अर्धा मिनिट कापू नका. शत्रू पळाल्यावर मोकळ्या मैदानात ती हातातल्या शस्त्राचे काय करते, ते दाखवा.

संतापाचे उद्रेक सहावरून एकावर आणावेत. लहानपणापासून घडवलेल्या मुलाला प्रथम संताप गिळायला शिकवलेले असते. वारंवार भडकणारा मुलगा शिक्षण अर्धवट राहिलेला मुलगा आहे. आपल्याला कर्णाची गोष्ट ठाऊक आहे. गुरूंची झोप मोडू नये म्हणून मांडीत किडा शिरला तरी तो हलला नाही, आणि परशुरामांनी त्याला ओळखले ते त्याच सहनशक्तीवरून. एवढी वेदना ज्याला मुकाट सोसता येते, तो आपण सांगतो तो नव्हे, हे त्यांच्या ध्यानात आले. तुमच्या वस्तीतल्या माणसांनीही तिला असेच ओळखावे असे मला वाटते. तिने आरडाओरड केली म्हणून कोणाला शंका येऊ नये. उकळते पाणी हातावर सांडले आणि तिने भांडे आधी व्यवस्थित खाली ठेवले, हे एखाद्या वयस्क बाईने पाहावे आणि तिच्या तोंडचे शब्द तिथेच थांबावेत. जो एक उद्रेक ठेवाल, तो कोणीतरी तिच्याशी चांगले वागल्यानंतर येऊ द्या. अपमान तिला परिचित आहे, तो तिला हलवणार नाही.

राहता राहिली आई. अकराव्या भागात आई परत येते आणि बाराव्यात नायिका तिला माफ करते, असा तुमचा आराखडा आहे. माफी असावी की नसावी, हे मी ठरवू शकत नाही. ते तुमच्या आईच्या पात्रावर आणि प्रेक्षकांच्या वयावर अवलंबून आहे. पण त्याआधी एक पायरी गळली आहे असे मला वाटते. ‘ड्रॅगन बॉल झेड’मध्ये सेल या खलनायकाबरोबरच्या झुंजीत आपल्या मुलाला, गोहानला, एकटे पुढे करणाऱ्या गोकूला पिकोलो सुनावतो, की या मुलाला तुझ्यासारखी लढण्याची आवड नाही, आणि आपण मार खात असताना वडील मदतीला का येत नाहीत, असाच प्रश्न त्याला पडला असेल. गोकू वाईट बाप नाही. त्याला लढणे आवडते, म्हणून मुलालाही आवडत असणार असे त्याने धरून चालले होते. मुलाला कधी विचारलेच नव्हते. आणि हे त्याला सांगणारा माणसाच्या जातीचाही नाही, पण गोहानला लहानपणी त्यानेच वाढवले आणि शिकवले आहे, म्हणून त्याला दिसते ते बापाला दिसत नाही.

तुमच्या मालिकेत असे सांगणारे कोणीच नाही. नायिका स्वतः ते सांगू शकत नाही, कारण तिच्या मते आईने तिला जे दिले ते सर्वस्व होते. म्हणून माफीच्या आधी, अकराव्या भागात, त्या वस्तीतल्या कोणाला तरी आईसमोर उभे करा. त्याने आरोप करू नये. त्याने फक्त आईला काही साधे प्रश्न विचारावेत: हिला झोपताना दिवा लागतो की अंधार? हिला काय खायला आवडते? ही कशाला हसते? आईला एकाचेही उत्तर देता येणार नाही, आणि ती वाईट आई आहे म्हणून नव्हे, तर हे प्रश्न त्या घरात कधी उपयोगाचेच नव्हते म्हणून. नायिका दाराआड उभी राहून ऐकत असेल, तर तिच्या चेहऱ्यावर दुःख काढू नका. तीही ती उत्तरे शोधते आहे, असे काढा. त्यानंतर बाराव्या भागात ती आईला माफ करते की नाही, हे कदाचित तुम्हाला आज ठरवलेल्यापेक्षा वेगळे लिहावेसे वाटेल. ते दोन्ही भाग पुन्हा लिहून झाले की पाठवा; मी आवर्जून वाचेन.